संशयाचा फायदा बॅगेला

22 जून 1985 च्या रात्री मॉन्ट्रियलच्या मिराबेल विमानतळावर एक्स-रे यंत्राशेजारी तीन बॅगा बाजूला काढून ठेवल्या होत्या. पडद्यावर त्यांच्या आतलं काहीतरी खटकलं, म्हणून त्या एअर इंडियाच्या विमानात चढवल्या गेल्या नाहीत. स्फोटकं हुंगणाऱ्या पोलिसी कुत्र्याला बोलावणं गेलं. कुत्रा पोचायच्या आत, रात्री 10 वाजून 18 मिनिटांनी, विमान निघून गेलं. नंतर बॅगा तपासल्या तेव्हा त्यांत घातक काही निघालं नाही.

बॉम्ब असलेली बॅग तोवर विमानाच्या पोटात होती. 23 जूनला ग्रीनिच वेळेनुसार सकाळी 7 वाजून 14 मिनिटांनी, आयर्लंडच्या किनाऱ्यापासून सुमारे 190 किलोमीटरवर, 31,000 फूट उंचीवरून जाणारं ‘एम्परर कनिष्क’ हे बोइंग 747 रडारवरून नाहीसं झालं. 307 प्रवासी आणि 22 कर्मचारी, एकूण 329 माणसं. त्यांतले 268 जण कॅनडाचे नागरिक, बहुतेक भारतीय वंशाचे. विमान लंडन आणि दिल्ली करून मुंबईला यायचं होतं. समुद्रातून 131 मृतदेह हाती लागले.

कनिष्कबद्दल बोलणं निघालं की ते खलिस्तान, गुप्तहेर आणि फसलेला खटला यांवर जातं. ते स्वाभाविकच आहे. मला मात्र इथे एवढंच बघायचं आहे, की ती एक बॅग व्हँकुवरच्या काउंटरवरून निघून विमानापर्यंत पोचली कशी. वाटेत तिला अडवू शकतील अशा जागा किती होत्या आणि प्रत्येक जागी काय झालं. जगातल्या विमानतळांवर आज आपलं सामान ज्या रस्त्याने जातं, त्या रस्त्याची आखणी बऱ्याच अंशी या प्रश्नाच्या उत्तरातून झाली आहे.

व्हँकुवर

22 जूनच्या सकाळी सीपी एअर या कॅनेडियन कंपनीच्या काउंटरवर ‘एम. सिंग’ नावाने तिकीट असलेला माणूस आला. तिकीट दोनच दिवसांपूर्वी रोख पैसे मोजून घेतलेलं. व्हँकुवर ते टोरंटो या सीपी एअरच्या विमानात त्याची जागा पक्की होती, पण टोरंटोपासून पुढे एअर इंडियाच्या विमानात तो प्रतीक्षा यादीत होता. त्याची मागणी अशी, की माझी बॅग इथूनच थेट दिल्लीपर्यंत टॅग करा.

काउंटरवरच्या बाईंनी नकार दिला. पुढची जागा पक्की नसेल तर बॅग पुढच्या विमानासाठी टॅग करायची नाही, असा नियमच होता. माणूस हटून बसला. मागे रांग वाढत होती आणि लोक ताटकळले होते. शेवटी बाईंनी बॅगेला दिल्लीचा टॅग लावला आणि टोरंटोला उतरल्यावर एअर इंडियाकडे जाऊन खात्री करून घ्या, असं त्याला बजावलं.

तो टोरंटोला उतरलाच नाही, कारण तो विमानात बसलाच नव्हता. बॅग गेली, जागा रिकामी गेली. त्याच दिवशी, त्याच कंपनीच्या काउंटरवरून ‘एल. सिंग’ या नावाची दुसरी बॅग टोकियोच्या विमानात गेली. तिला नारिता विमानतळावर एअर इंडियाच्या बँकॉकला जाणाऱ्या विमानात चढायचं होतं. तो माणूसही चढला नाही.

काउंटरवरच्या बाईंना दोष देणं सोपं आहे. पण त्या जागी बसलेल्या माणसाचं काम काय होतं? रांग पुढे सरकवणं. सुरक्षेचा नियम पाळून घेणं हे त्या कामात वरून घातलेलं ओझं. नियम मोडला तर तिथल्या तिथे काहीच होणार नव्हतं. उलट नियम पाळला तर भांडण, रांगेतल्यांची कुरकुर आणि कदाचित साहेबांकडे तक्रार. आपल्याकडे एसटीच्या खिडकीपासून रेशनच्या दुकानापर्यंत हाच हिशेब चालतो. ज्या नियमामागे फक्त एका कारकुनाची चिकाटी उभी आहे, तो नियम पहिल्या हट्टी माणसासमोर वाकतो.

शिवाय इंटरलाइन ही व्यवस्थाच विश्वासावर चालते. एका कंपनीने लावलेला टॅग दुसरी कंपनी मानते आणि बॅग प्रवाशाच्या हातात न येता एका विमानातून दुसऱ्यात जाते. प्रवाशाची मोठी सोय. पण टोरंटोला ही बॅग एअर इंडियाच्या ताब्यात आली ती एका चिठ्ठीच्या जोरावर, आणि चिठ्ठी खरी की खोटी हे बघायला बॅगेचा मालक समोर असण्याची गरज नव्हती.

टोरंटो

एअर इंडियाने टोरंटोहून उड्डाणं सुरू करून जेमतेम पाच महिने झाले होते. सुवर्णमंदिरातली लष्करी कारवाई आणि त्यानंतर झालेली इंदिरा गांधींची हत्या, या पार्श्वभूमीवर धमक्या सतत येत होत्या. म्हणून कंपनीने चेक-इनच्या सामानासाठी एक्स-रे यंत्र ठेवलं होतं आणि ‘पीडी-4’ नावाची स्फोटकं हुंगणारी हातातली यंत्रंही दिली होती. काम एका खासगी सुरक्षा कंपनीच्या पहारेकऱ्यांकडे होतं. त्यांतल्या अनेकांनी ठरवून दिलेलं प्रशिक्षणही पुरतं घेतलेलं नव्हतं.

दुपारी पावणेपाचच्या सुमारास एक्स-रे यंत्र बंद पडलं. सामान बरंच बाकी होतं. मग उरलेल्या बॅगांवरून पीडी-4 फिरवायचं ठरलं.

या यंत्राची परीक्षा त्याच वर्षी जानेवारीत, याच विमानतळावर, पोलिसांसमोर झाली होती. बंदुकीच्या दारूची बाटली अगदी इंचभर अंतरावर येईपर्यंत यंत्र गप्प होतं आणि प्लास्टिक स्फोटकाला त्याने दादच दिली नाही. पोलिसांचा त्याच्यावर भरवसा बसला नाही. तरी जूनमध्ये एक्स-रेच्या जागी उभं राहिलं ते हेच. पहारेकऱ्यांना ते कसं चालतं हे दाखवताना पेटती काडी जवळ नेली, यंत्र जोरात वाजलं. असा आवाज आला तर बॅग संशयास्पद, असं त्यांच्या डोक्यात बसलं.

संध्याकाळी सव्वापाच ते सहाच्या दरम्यान एका मरून बॅगेच्या चेनपाशी यंत्राने छोटी बीप दिली. मोठी शिट्टी नव्हे, बीप. शिकवणीप्रमाणे छोट्या आवाजाला अर्थ नव्हता. बॅग पुढे गेली. एअर इंडियाच्या माणसांना हे कुणी कळवलं नाही. ती बॅग बॉम्बचीच होती असं कुणी सिद्ध केलेलं नाही, आणि माझा मुद्दा तो नाहीच. मुद्दा असा, की यंत्र काहीतरी बोललं आणि ते ऐकणाऱ्याला हातात बॅग धरून ‘थांबा’ म्हणायचा रस्ता कुणी आखून दिलेला नव्हता. बीपनंतर काय करायचं? बॅग कुठे ठेवायची? कुणाला फोन करायचा? तो माणूस किती वेळात येईल? तोवर बाकीच्या सामानाचं काय? ही उत्तरं आधी तयार नसतील तर थकलेला पहारेकरी सगळ्यात सोपं उत्तर शोधतो: बहुतेक काही नसेल.

टोरंटोला स्फोटकं हुंगणारे पोलिसी कुत्रेही त्या दिवशी नव्हते. त्यांना हाताळणारी माणसं प्रशिक्षणासाठी व्हँकुवरला गेली होती.

यात आणखी एक गोष्ट घडली, आणि मला ती सगळ्यात जास्त खुपते. त्या विमानाबरोबर एक नादुरुस्त इंजिन भारतात पाठवायचं होतं. 747 च्या पंखाखाली असं पाचवं इंजिन बांधून नेता येतं, पण त्याचे काही भाग सामानाच्या कप्प्यात बसवायचे होते आणि ते बसेनात. या खटपटीत विमानाला 1 तास 40 मिनिटं उशीर झाला. म्हणजे वेळ होता. एम. सिंग हा प्रवासी आला आहे का, आणि आला नसेल तर त्याची बॅग कुठे आहे, हे बघायला त्या पावणेदोन तासांतला अर्धा तासही पुरला असता. इंजिनासाठी विमान थांबवणं हा रोजचा, ओळखीचा, कागदावर मांडता येणारा निर्णय होता. बॅगेसाठी थांबवणं हा तसा निर्णय नव्हता.

मिराबेल

टोरंटोहून विमान मॉन्ट्रियलला आलं. तिथलं एक्स-रे यंत्र चालू होतं, पहारेकऱ्याची नजर चांगली होती आणि त्याने तीन बॅगा काढल्या. कागदोपत्री बघितलं तर यंत्रणेने काम केलं.

पण ‘या तीन बॅगा चढवू नका’ एवढ्यावर काम संपलं असं सगळ्यांनी धरलं. तीन बॅगा संशयास्पद असतील तर त्याच विमानातल्या बाकीच्या बॅगांचं काय, हा प्रश्न पुढे आलाच नाही. त्या तीन बॅगांचे मालक विमानात बसले होते. त्यांना बोलावून बॅगा समोर उघडायला लावता आल्या असत्या. पोलिसांना खबर उशिरा गेली. विमान रोखायचं की नाही हा निर्णय ज्याचा, त्याला तो आपला आहे असं वाटेपर्यंत विमान धावपट्टीवर होतं. बॉम्बपथकातला कुत्रा आणि त्याला हाताळणारा पोलीस आले तेव्हा तपासायला उरल्या होत्या त्या एक्स-रेजवळच्या तीन निरुपद्रवी बॅगा.

तिकडे टोकियोत, कनिष्कच्या 55 मिनिटं आधी, नारिताच्या सामान हाताळणीच्या भागात दुसरी बॅग फुटली. बॅग एअर इंडियाच्या विमानात चढायच्या आधीच, जमिनीवर असताना फुटली. सामान चढवणारे दोन जपानी कामगार तिथल्या तिथे मरण पावले. त्या स्फोटाचे तुकडे हाती लागले म्हणूनच पुढे तपास सान्यो कंपनीच्या एका रेडिओ-ट्यूनरपर्यंत आणि तो विकत घेणाऱ्या इंदरजितसिंग रेयातपर्यंत पोचला. समुद्राच्या तळातून इतका पुरावा मिळाला नसता.

नकार कुणाचा

कॅनडाने या प्रकरणाची संपूर्ण सार्वजनिक चौकशी केली ती घटनेनंतर दोन दशकांनी. निवृत्त न्यायमूर्ती जॉन मेजर यांच्या आयोगाचा पाच खंडांचा अहवाल जून 2010 मध्ये आला. अहवालात एकाच खलनायकाकडे बोट नाही. पानोपानी अर्धवट जबाबदाऱ्या दिसतात. विमानतळ आणि नियम सरकारच्या वाहतूक खात्याचे. बंदोबस्त पोलिसांचा. सामान आणि प्रवाशांची तपासणी विमान कंपनीची, आणि कंपनीने ती ठेकेदाराला दिलेली. धोक्याची माहिती गोळा करणारी गुप्तचर संस्था वेगळी, आणि तीही नवी, वर्षभरापूर्वी पोलिसांतून वेगळी काढलेली.

मुंबईहून एअर इंडियाच्या दक्षता विभागाने 1 जूनला एक टेलेक्स पाठवला होता. विमानात किंवा नोंदवलेल्या सामानात वेळ लावलेली स्फोटकं ठेवली जाण्याची शक्यता आहे, सामानाची कडक तपासणी करा, असा त्याचा आशय. घडलं ते जवळजवळ शब्दशः तसं. टेलेक्स कॅनेडियन पोलिसांच्या हाती आला, पण गुप्तचर संस्थेकडे पोचला नाही. कोणत्या धोक्यासाठी कोणता उपाय, हे जुळवणारं कुणीच नव्हतं. माणसांची झडती घेतल्याने सामानातला बॉम्ब सापडत नाही. पोलिसांची संख्या वाढवल्यानेही नाही.

त्या धोक्यावर एक साधा, यंत्राशिवायचा उपाय तेव्हाही माहीत होता: प्रवासी आणि बॅग यांची जुळवणी. ज्याची बॅग विमानात आहे तो स्वतः विमानात आहे की नाही, एवढंच बघायचं. नसेल तर बॅग उतरवायची. याला स्फोटकं हुंगणारं यंत्र लागत नाही, कुत्रा लागत नाही, एक्स-रेही नाही. यादी आणि चिकाटी लागते. हे केलं असतं तर एम. सिंगची बॅग टोरंटोतच राहिली असती, असा आयोगाचा स्पष्ट निष्कर्ष आहे. पण कॅनडाच्या नियमांत ती सक्ती नव्हती, आणि व्यवहारात ती वेळखाऊ म्हणून टाळली जात होती.

मला वाटतं, या सगळ्या प्रसंगांत एकच गोष्ट पुन्हा पुन्हा दिसते. शंका आली की तिचा फायदा बॅगेला मिळाला. व्हँकुवरला शंका आली, बॅग गेली. टोरंटोला बीप झाली, बॅग गेली. मिराबेलला तीन बॅगा थांबल्या, पण विमान गेलं. प्रत्येक वळणावर, कुणी काहीच ठरवलं नाही तर बॅग आपोआप पुढे सरकत होती. थांबवण्यासाठी कुणीतरी उठून काहीतरी करायला हवं होतं. पुढे जाऊ द्यायला काहीच करावं लागत नव्हतं.

कोर्टात हे उलटं असावं लागतं. मार्च 2005 मध्ये कॅनडातल्या ब्रिटिश कोलंबिया प्रांताच्या सर्वोच्च न्यायालयाने कनिष्क प्रकरणातले आरोपी रिपुदमनसिंग मलिक आणि अजायबसिंग बागरी या दोघांना पुराव्याअभावी निर्दोष सोडलं. मृतांच्या नातेवाइकांना तो दिवस किती जड गेला असेल, हे वेगळं सांगायला नको. तरी न्यायाधीशाने शंकेचा फायदा आरोपीला द्यावा हे बरोबरच. माणसाचं स्वातंत्र्य जाणार असतं. सामानाच्या पट्ट्यावर मात्र बॅगेला निर्दोष मानून चालत नाही. तिला निर्दोषत्व सिद्ध करूनच पुढे जायला हवं. फार तर मालकाला ती दुसऱ्या दिवशी मिळेल.

जुळवणी आली, तरी

1985 च्या अखेरीस आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेने आपल्या सतराव्या परिशिष्टात, म्हणजे विमान सुरक्षेच्या जागतिक नियमावलीत, प्रवासी आणि बॅग यांच्या जुळवणीचा नियम घातला. कॅनडाने ती आपल्याकडे लागू केली. भारतात नागरी उड्डाण महासंचालनालयात 1978 पासून विमान सुरक्षेचा एक कक्ष होता. 1 एप्रिल 1987 रोजी त्याचा स्वतंत्र विभाग झाला. विमानतळांवरच्या सुरक्षेत ज्याचे नियम चालतात, तो हा नागरी विमान सुरक्षा विभाग.

नव्वदच्या दशकात देशांतर्गत विमानाने गेलेल्यांना आठवत असेल, विमानाच्या शिडीजवळ उन्हात सगळ्या बॅगा ओळीने मांडलेल्या असत. आपली बॅग ओळखायची, बोट दाखवायचं, मग लोडर ती गाडीत टाकायचा, आणि मगच शिडी चढायची. न ओळखलेली बॅग तिथेच. लोक कंटाळायचे, पावसात तर फारच. पण यादी आणि संगणक यांच्यावर विसंबून राहता येत नव्हतं तेव्हा ही जुळवणी अगदी पक्की होती. कुणी काहीच केलं नाही तर बॅग जमिनीवर राहायची.

धडा मात्र सगळ्यांनी घेतला नाही. डिसेंबर 1988 मध्ये पॅन अ‍ॅमचं 103 क्रमांकाचं विमान स्कॉटलंडच्या लॉकरबी गावावर कोसळलं. विमानातले 259 आणि गावातले 11 जण गेले. खटल्यातल्या निष्कर्षानुसार बॉम्बची बॅग माल्टाहून, सोबत प्रवासी नसताना, फ्रँकफर्टमार्गे आली. पुन्हा इंटरलाइन, पुन्हा मालक नसलेली बॅग, पुन्हा रेडिओत लपवलेला बॉम्ब. दुसऱ्या कंपन्यांकडून आलेल्या बॅगांचा एक्स-रे काढला की जुळवणीची गरज नाही, असं पॅन अ‍ॅमने ठरवून टाकलं होतं. यंत्र आलं म्हणून यादी सोडली. दोन्ही उपाय एकमेकांना पर्याय समजले गेले. खरं तर एक उपाय जिथे चुकतो, तिथे दुसरा टिकतो.

पट्ट्याखालचं गणित

आता चेक-इनला बॅग दिली की ती पट्ट्यावरून भिंतीआड नाहीशी होते. पुण्याच्या जुन्या टर्मिनलमध्ये दारातच बॅग एक्स-रेत घालायची, तिला प्लास्टिकची पट्टी बांधून घ्यायची आणि मग चेक-इनच्या रांगेत लागायचं. नव्या टर्मिनलमध्ये हे सगळं पट्ट्याच्या पोटात गेलं आहे. याला इनलाइन तपासणी म्हणतात. प्रवाशाला त्यातला फायदा एवढाच दिसतो, की एक रांग वाचली. माझ्या मते खरी सुधारणा न दिसणाऱ्या जागी आहे.

पहिल्या टप्प्यात बॅग एका स्फोटकशोधक यंत्रातून जाते आणि यंत्र स्वतःच ठरवतं, ठीक की शंका. शंका आली तर तिचं चित्र दुसऱ्या खोलीत बसलेल्या तपासनिसाच्या पडद्यावर येतं. बॅग तोवर पट्ट्यावर चालतच असते. तपासनिसाला ठरलेले काही सेकंद मिळतात. त्याने ‘ठीक’ म्हटलं तर बॅग विमानाच्या बाजूला वळते. ‘शंका’ म्हटलं तर पुढच्या टप्प्याला. आणि त्याने काहीच म्हटलं नाही तर? तो खोकत होता, पडदा अडकला, शेजाऱ्याशी बोलत होता. वेळ संपली की बॅग आपोआप पुढच्या, जास्त कडक तपासणीच्या पट्ट्यावर जाते. विमानाच्या पट्ट्यावर नाही.

टोरंटोतली बीप इथे झाली असती तर बॅगेला पुढे जायला कुणाचा तरी स्पष्ट होकार लागला असता. पहारेकऱ्याच्या धैर्यावर विसंबायची वेळच आली नसती. विमानतळाच्या सुरक्षेतल्या सगळ्या आखणीत मला हा पट्टा सगळ्यात सुंदर वाटतो, आणि तो सुंदर म्हणून कुणी बघतही नाही.

तिसऱ्या टप्प्याला सीटी यंत्र, म्हणजे दवाखान्यात रुग्णाच्या शरीराचे पापुद्रे काढून बघतात तसं बॅगेचं छेदचित्र. घनता कळते, त्यामुळे चीजचा ठोकळा आणि स्फोटक वेगळे करता येतात. कधी बॅगेवरून कापडी पट्टी फिरवून तिच्यावरचे सूक्ष्म कण तपासतात. तरीही शंका उरली तर चौथा टप्पा: प्रवाशाला बोलावून त्याच्यासमोर बॅग उघडायची. मिराबेलला जे करता आलं असतं, ते इथे रोजचं काम आहे. बहुतेक वेळा त्या बॅगांत पॉवर बँक निघते, नाही तर लायटर. आपल्याकडे कुणाच्या तरी आईने दिलेलं सुकं खोबरंही निघतं. खोबरं तेलकट आणि पेट घेणारं, म्हणून सामानात चालत नाही, हे सांगताना अधिकाऱ्याची होणारी दमछाक बघण्यासारखी असते.

जुळवणीही आता पट्ट्यावर आली आहे. बॅगेच्या टॅगवरच्या दहा अंकी क्रमांकामागे प्रवाशाचं नाव, विमान आणि तो चढला की नाही हे सगळं जोडलेलं असतं. लोडर प्रत्येक बॅग कंटेनरमध्ये टाकताना टॅग स्कॅन करतो आणि चढवायची परवानगी नसेल तर स्कॅनर तसं सांगतो. 2018 पासून बॅग ताब्यात घेताना, विमानात चढवताना, एका विमानातून दुसऱ्यात देताना आणि परत देताना तिची नोंद ठेवणं आंतरराष्ट्रीय हवाई वाहतूक संघटनेच्या सदस्य कंपन्यांवर बंधनकारक आहे. ‘एका प्रवाशाची बॅग उतरवायची आहे, थोडा वेळ लागेल’ ही घोषणा ऐकून आपण वैतागतो. मोठ्या विमानात कंटेनर कुठला ते ठाऊक असल्यामुळे बॅग लवकर मिळते. छोट्या विमानात मात्र बॅगा हाताने रचलेल्या असतात, त्यामुळे लोडरला पोटात शिरून अर्धी रास बाहेर काढावी लागते. तीस मिनिटं जातात. ती तीस मिनिटं सोडायची नाहीत, हे ठरायला 329 आणि मग 270 माणसं गेली.

जे अजून सुटलेलं नाही

या व्यवस्थेच्या मर्यादाही सांगायला हव्यात. जुळवणी एक गोष्ट गृहीत धरते: बॉम्ब ठेवणाऱ्याला जगायचं आहे. मरायला तयार असलेल्या माणसासमोर ती निरुपयोगी आहे. म्हणूनच न्यूयॉर्कच्या हल्ल्यानंतर अमेरिकेने 2002 संपेपर्यंत सगळ्या सामानाची स्फोटक तपासणी करायचं ठरवलं, आणि 2006 पासून आंतरराष्ट्रीय उड्डाणांसाठी तोच जागतिक नियम झाला.

दुसरी मर्यादा माणसाच्या डोळ्याची. दिवसभरात हजारो बॅगांत काहीच न सापडणाऱ्या माणसाची नजर आपोआप सैल होते. म्हणून त्याच्या पडद्यावर अधूनमधून खोट्या बॉम्बचं चित्र मिसळतात आणि त्याने ते पकडलं का हे नोंदतात. पडद्यासमोर सलग वीस मिनिटांच्या आसपास बसवून माणूस बदलतात. हे फायद्याचं आहे, पण जिथे पगार कमी, माणसं अपुरी आणि ठेका दरवर्षी बदलणारा, तिथे वीस मिनिटांची चाळीस व्हायला वेळ लागत नाही. 1985 च्या टोरंटोतल्या पहारेकऱ्याची अडचण हीच होती. यंत्र कितीही बदललं तरी ती अडचण ठेकेदाराच्या निविदेतून परत येते.

आणि तिसरी, माझ्या दृष्टीने सगळ्यात अवघड, व्हँकुवरचीच. बॅग एका देशात तपासली गेली, दुसऱ्या देशात विमान बदललं, तर ती पुन्हा तपासायची की पहिल्या देशावर विश्वास ठेवायचा? प्रत्येक वेळी पुन्हा तपासायचं तर मोठ्या हबवर, म्हणजे जिथे बरेच प्रवासी विमान बदलतात अशा विमानतळावर, यंत्रं आणि पट्टे दुप्पट लागतात आणि पुढच्या विमानात चढायच्या राहून जाणाऱ्या बॅगांची संख्या वाढते. म्हणून देशादेशांत करार होतात, की तुमची तपासणी आमच्याइतकी चांगली आहे असं आम्ही मानतो आणि बॅग थेट पुढच्या विमानात जाऊ देतो. युरोपीय संघाने असा विश्वास ज्या मोजक्या देशांवर टाकला आहे, त्यांत कॅनडाही आहे.

तो विश्वास फुकटचा नाही. त्यामागे परस्परांच्या विमानतळांची पाहणी, यंत्रांची मानकं आणि तक्रारीची सोय असते. तरी एका काउंटरवर लागलेला टॅग दुसऱ्या खंडात खरा मानला जातो, हा मूळ व्यवहार 22 जून 1985 ला होता तसाच आहे. फरक इतकाच, की आता टॅगबरोबर बॅगेची नोंद येते, प्रवाशाची नोंद येते, आणि दोन्ही जुळल्या नाहीत तर स्कॅनर लोडरच्या हातात लाल दिवा दाखवतो. तो दिवा दिसल्यावर बॅग विमानात न टाकता बाजूच्या ट्रॉलीवर ठेवायची असते.